भ्यालेलं बोट

"...पण वस्ताद, ट्रिगर बिघडलाय का नाही, एवढंच सांगा की!"

शर्वरी इंगवलेनं एअर पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि हात मागे घेतले. तळहात घामेजले होते, ते तिनं ट्रॅकसूटला पुसले.

मुजावर वस्ताद चहा पीत होते. वस्ताद हा शब्द खरा तालमीतला. पण कोल्हापुरात ज्याच्यापुढे मान तुकवून शिकायचं तो वस्ताद, मग तो कुस्ती शिकवो नाहीतर नेमबाजी. मुजावर फौजेतून आलेले. चहा संपेपर्यंत ते कुणाच्या बापाला उत्तर देत नसत.

"अकराला चाचणी आहे," शर्वरी म्हणाली. "त्याआधी पिस्तुलाची तपासणी. आणि तुम्ही चहा पिताय."

"गार होतोय."

"राज्याच्या संघात एकच जागा उरलीय. गेल्या वर्षी एका गुणानं हुकली. पुढच्या वर्षी मी ज्युनिअरमधून बाहेर. आणि ह्याला नेमकं आत्ताच..."

वस्तादांनी एक घोट घेतला.

आठवडाभर हेच चाललं होतं. चांगले बार पडत पडत मधेच एखादा छर्रा पार खाली डावीकडे जायचा. मग शर्वरी पिस्तुलाकडे असं बघायची, की ते पिस्तूल होतं म्हणून बरं, माणूस असता तर रडला असता. तिच्या पाठीमागे क्लबात 'नाचता येईना अंगण वाकडं' म्हणून झालं होतं. दुसऱ्याच्या अंगणाबद्दल बोलायला आपल्याकडे आमंत्रण लागत नाही.

कप रिकामा झाला. वस्तादांनी पिस्तूल उचललं, आत काही नसल्याची खात्री केली आणि ते नाकाशी नेलं.

"तेल किती वतलंस?"

"...थोडंसंच."

"कसलं?"

"आईच्या शिलाई मशीनचं. ट्रिगर खरखरत होता म्हणून."

"मग?"

"मग अजून थोडं."

"आणि ट्रिगरचा स्क्रू?"

शर्वरीनं खाली बघितलं. "फिरवून ट्रिगर हलका करून बघितला. मग फारच हलका वाटला म्हणून जड केला. मग परत..."

"मुळात कुठं होता?"

"...आठवत नाही."

वस्तादांनी पिस्तुलाची मूठ काढली, ट्रिगरचा भाग उघडा केला आणि तिला बोलावलं.

आत दोन पोलादी कडा एकमेकींवर टेकलेल्या असतात. बोट दाबलं की एक दुसरीवरून सरकते आणि बार सुटतो. त्या कडांवर तेल साचलं होतं, आणि तेलात रेंजवरची धूळ मुरून काळा लगदा झाला होता.

"शिवायच्या मशीनला तेल लागतं, कारण ती धावती," वस्ताद म्हणाले. "ह्याला कुठं धावायचंय? ह्याला नुस्तं सुटायचंय."

"म्हणजे ट्रिगरच!" शर्वरी जवळजवळ ओरडलीच. "मी सांगत होते ना सगळ्यांना? ट्रिगरच होता!"

"ट्रिगरच."

अंगण खरोखर वाकडं होतं. शर्वरीच्या जिवात जीव आला. आता बोलणाऱ्यांची तोंडं बघायला मिळणार होती.

वस्तादांनी स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चिंधीनं कडा पुसल्या. मग कोरड्या चिंधीनं. मग पुन्हा. शर्वरी दर थोड्या वेळानं घड्याळ बघत होती आणि वस्ताद तिच्याकडे बघत नव्हते. मूठ बसवून त्यांनी ट्रिगरला तपासणीचं वजन अडकवलं आणि पिस्तूल सावकाश वर उचललं. अर्धा किलो वजन उचलूनही ट्रिगर सुटता कामा नये, असा नियम आहे. वजन लोंबत राहिलं.

"थोडा जड ठेवलाय."

"मी नेमका अर्ध्या किलोच्या काठावर ठेवते."

"म्हणून तपासणीला तुझे पाय लटपटतात."

शर्वरी हसली. आठवड्यात पहिल्यांदाच हसली असेल. "जाते मी, वस्ताद."

"थांब. दोन बार टाक."

खोलीच्या त्या टोकाला सरावाचं लक्ष्य होतं. शर्वरीनं छर्र्यांची डबी उघडली, तर वस्तादांनी ती काढून घेतली.

"मी भरतो."

"मी भरते की."

"मी भरतो म्हटलं न्हवं?"

त्यांनी तिच्याकडे पाठ केली, काहीतरी केलं आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. शर्वरीनं हात उचलला, श्वास घेतला, थोडा सोडला. बार सुटला. छर्रा मधोमध.

"बघितलंत?"

वस्तादांनी पिस्तूल घेतलं. पुन्हा पाठ. पुन्हा तिच्या हातात.

तिनं हात उचलला. श्वास. ट्रिगर मागे आला...

टक्.

आत छर्राच नव्हता. बार नाही, धक्का नाही. पण पिस्तुलाचं तोंड खाली डावीकडे झुकलं होतं, कुणी कोपराला हिसका दिल्यासारखं. आणि जवळ तर कुणीच नव्हतं.

शर्वरी त्या झुकलेल्या तोंडाकडे बघत राहिली.

"ट्रिगर अजून..." तिनं वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं.

"परत," वस्ताद म्हणाले.

परत टक्. परत तसंच.

...

"म्हणजे बिघाड माझ्यात आहे." आता तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"दोन्हीत."

"ट्रिगरमधला तुम्ही काढलात. माझ्यातला काढा ना. अजून वेळ आहे थोडा."

"थोड्या वेळात न्हाई निघत त्यो."

"किती वेळ लागतो?"

"काय माहीत. माझा अजून निघाला न्हाई."

तिला ते खोटं वाटलं. मोठी माणसं धीर द्यायला काहीही बोलतात. वस्तादांना ते चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण त्यांनी डबी तिच्यापुढे सरकवली.

"आता तू भर. पाठ करून."

शर्वरीनं पाठ केली. तिनं छर्रा भरला नाही, आणि थोडा सूडही होता त्यात.

वस्तादांनी हात उचलला. त्यांना हात उचलताना तिनं कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं, आणि आता बघवेना. हात थरथरत होता. पिस्तुलाचं टोक पानासारखं हलत होतं. हा माणूस आपल्याला स्थिर उभं राहायला शिकवत होता!

टक्.

टोक आधी हलत होतं तसंच हलत राहिलं. ना कमी, ना जास्त. टक् झाल्याचं त्या टोकाला कळलंच नव्हतं.

"वस्ताद..."

"हं."

"तुमचा हात थरथरतोय."

"व्हय."

"पण झटका बसला नाही."

"हाताला थरथरायचंय, त्याला थरथरू दे. बोटाला दाबायचंय."

मग शर्वरी जे आठवडाभर कुणाला बोलली नव्हती ते बोलली.

"ट्रिगरचा पहिला टप्पा संपतो ना, तिथं तो जरा अडतो. आता अजून दाबलं की सुटणार. तिथं मला भीती वाटते हो. वाटतं, एकदाचा सुटू दे आणि संपू दे. तुम्हाला वाटते का तिथं?"

"तिथंच वाटते."

"मग तुम्ही काय करता?"

वस्तादांनी रिकामा हात पुढे केला. तर्जनी हवेत वाकवू लागले. सावकाश, एकाच चालीनं. मधे कुठे थांबली नाही, कुठे घाई नाही. बोट पूर्ण वाकलं तरी शर्वरीला कळलं नाही, की बार कुठे सुटला असता.

बाहेर नाव पुकारलं गेलं. इंगवले, तपासणीला या.

तपासणीच्या टेबलावर पिस्तुलाला वजन लावलं. उचललं. लोंबत राहिलं. पिस्तुलावर तपासणी झाल्याची चिकटपट्टी लागली आणि शर्वरी दालनाच्या दारापाशी आली. आत बाकीच्या मुली जागा घेत होत्या. वस्ताद तिच्या मागोमाग आले होते, पण शिक्षकांना दाराच्या पुढे जाता येत नाही.

तिनं वळून बघितलं.

"वस्ताद... भीती काय गेली नाही हो."

"तिला जा म्हटलं कुणी?" वस्ताद म्हणाले. "तू जा."