आऱ्या सुटल्यावर

नांदुऱ्याच्या बाजारपेठेत सखाहरी नावाचा एक कापडवाला होता. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. सखाहरीचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी तो पाणीसुद्धा फुंकून प्यायचा. दुकानात नवा तागा आला की तो त्यातला एक धागा उपसून बघायचा. सूत खरं की खोटं, याची त्याला खात्री हवी असे. एका धाग्याने भागलं नाही तर दुसरा उपसायचा. त्यामुळे त्याच्या दुकानातल्या प्रत्येक ताग्याचं टोक विरलेलं असायचं, आणि गिऱ्हाईक नेमकं तेच बोट लावून दाखवायचं.

सखाहरीची थोडी जमीनही होती. ती तो वाट्याने करायला द्यायचा, पण दरसाल वाटेकरी बदलायचा. मागच्या वर्षी रावजीला काढलं, कारण रावजी शेतातून येताना हसत येतो. ज्याच्या मनात काही नाही तो उगाच कशाला हसेल? अशाने ती जमीन हरळीने भरली. मग सखाहरीने ठरवलं, घरचंच माणूस शेती शिकू दे. परक्याचं तोंड बघायला नको.

त्याला एकच मुलगी, शेवंता. करंजखोऱ्यात मुलामुलींना ठेवून घेऊन शिकवणारी एक शेतीशाळा होती. तिथे जायचा शेवंताचा केव्हापासूनचा हट्ट होता. ज्येष्ठात तिची पेटी घेऊन बापलेक शाळेत पोचले.

शाळा अनसूयाबाई चालवत. मुलं त्यांना मोठ्या बाई म्हणत. बाईंनी शेवंताचं नाव लिहून घेतलं आणि सखाहरीला शाळेचे नियम सांगितले. इथे कुणाच्या पेटीला कुलूप नसतं. घरून आणलेला खाऊ मुदपाकखान्यात द्यायचा, तो सगळे मिळून खातात. आईवडिलांनी महिन्यातून एकदा, पौर्णिमेला यायचं.

सखाहरीच्या कपाळावर आठी चढली. कुलूप नाही म्हणजे पेटीत हात कुणाचे जाणार, हे काय त्याला कळत नव्हतं? आणि लाडू मुदपाकखान्यात गेले की आधी कुणाच्या ताटात पडत असतील?

"प्रत्येक मुलाला एक वाफा मिळतो," बाई पुढे म्हणाल्या. "त्यात भुईमूग पेरायचा. फुलं आली की वाफे बदलायचे. हिने पेरलेला दुसरीला आणि दुसरीने पेरलेला हिला."

"का बरं?"

"मेहनत करताना हे माझं की तुझं, असं मनात येऊ नये म्हणून."

सखाहरी मनात म्हणाला, वा! कष्ट आमच्या पोरीचे आणि शेंगा शेजारणीला.

"शेवटचं," बाई म्हणाल्या. "इथे दाखला दोघांचा होतो. मुलीचा आणि तुमचा. पहिला हंगाम दोन्ही कच्चे. वाफ्याची टोपली भरली की पक्के. नाही भरली तर घरी जायचं आणि पुढच्या साली पुन्हा यायचं."

"माझा कसला दाखला?"

बाई नुसत्या हसल्या. सखाहरीला रावजी आठवला. त्याने सही केली खरी, पण कागद उलटा करून, मागे काही लिहिलेलं नाही ना, हे बघूनच.

शेवंताने वाफा पेरला. सहा ओळी, एका ओळीत दहा झाडं. तेव्हापासून तिच्या बोलण्यात आणि मनात दुसरं काही नव्हतं. आषाढ सरता सरता पिवळी फुलं आली आणि वाफे बदलले. शेवंताचा वाफा हौसाकडे गेला आणि हौसाचा शेवंताकडे आला. हौसा ही खालच्या वाडीवरच्या मेंढपाळाची मुलगी. दोघींची गट्टी जमलेली.

श्रावणी पौर्णिमेला सखाहरी भेटायला आला. शेवंता त्याला हात धरून बांधावर घेऊन गेली.

"अप्पा, हा आता माझा वाफा. फुलं गळून गेली ना, की त्यातून आऱ्या, म्हणजे सुईसारखे बारीक देठ, सुटतात. त्या मातीत शिरतात आणि मग खाली शेंग धरते."

"कुठे धरते, दाखव बरं."

"आता नाही दाखवता येत. आऱ्या मातीत शिरल्या की वाफ्याला हात लावायचा नाही. शाळेचा सगळ्यांत मोठा नियम आहे तो. काढणीपर्यंत वाट बघायची."

सखाहरीने मान हलवली. पण मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. हात लावू देत नाहीत, म्हणजे खाली दाखवण्यासारखं काही नसणार. मेंढपाळाच्या पोरीने बी तरी धड टाकलं असेल का? आमच्या पोरीचा भरला वाफा हिला दिला आणि हिचा पोकळ आमच्या गळ्यात मारला!

दुपारी जेवणाची घंटा झाली. मुलं आणि पाहुणे पंगतीकडे वळले. "पाय मोकळे करून येतो," म्हणत सखाहरी मागे राहिला. इकडेतिकडे बघून तो वाफ्याजवळ उकिडवा बसला आणि बांधाकडच्या झाडाची माती त्याने बोटांनी उकरली. आऱ्या वर आल्या. टोकाला मसुरीएवढ्या गाठी होत्या. एवढ्याशा? त्याने शेजारचं झाड उकरलं. तिथेही तेवढ्याच. तिसरं बघितलं, चौथं बघितलं. एक झाड दुसऱ्याशी ताडून बघितल्याशिवाय त्याला चैन पडेना. दोन ओळी झाल्यावर त्याने सगळी माती नीट थापून टाकली. त्याच्या मते त्याने काहीच बिघडवलं नव्हतं.

पंगतीत बसण्याआधी शेवंताने त्याच्या हातावर तांब्याने पाणी घातलं. नखांतून तांबडी माती ओघळली. शेवंता क्षणभर थांबली, मग तिने आणखी पाणी घातलं आणि त्याला पाटावर बसवलं.

भाद्रपदातल्या पौर्णिमेला त्याने तेच केलं. या खेपेला मधल्या दोन ओळी. आपल्याच पोरीच्या नावचं बघायला परवानगी कशाला हवी?

आश्विनात काढणी आली. त्या दिवशी सगळ्यांचे आईबाप येतात. शाळेच्या रिवाजाप्रमाणे ज्याने पेरलं आणि ज्याने राखलं, ती दोघं मिळून झाडं उपटतात. आधी हौसाकडचा वाफा काढला, म्हणजे शेवंताने पेरलेला. शेंगांचे घोसच्या घोस वर आले आणि टोपली शिगोशीग भरली. सखाहरी दात खाऊन बघत होता. हे आमचं होतं!

मग शेवंताच्या वाफ्याची पाळी आली. बांधाकडचं पहिलं झाड उपटलं, तर खाली दोन फोलपटं. दुसऱ्याला तेवढंही नाही. त्या दोन ओळी आणि मधल्या दोन, चारही तशाच गेल्या. टोपलीचा तळसुद्धा झाकेना. शेवंताचा चेहरा उतरला.

"बघा!" सखाहरी ओरडला. "मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. कसलं बी टाकलं या पोरीने? की आधीच काढून नेल्या शेंगा?"

हौसा पुढे आली. "बी मीच टाकलं हुतं. चुकलं आसंल तर माजं चुकलं. शेवंताला घरी धाडू नका, बाई."

"नाही," शेवंता म्हणाली. "बी उत्तम उगवलं होतं. राखण माझी होती."

सखाहरीला वाटलं, या दोघी संगनमताने बोलताहेत. तेवढ्यात बाईंनी एक उपटलेलं झाड उचललं आणि उजेडात धरलं. त्याच्या आऱ्या वाळून दोऱ्यासारख्या लोंबत होत्या.

"या आऱ्यांना वारा लागलाय," बाई म्हणाल्या. "कोवळ्या असताना कुणीतरी माती उकरून पाहिलं. पुन्हा माती लोटली तरी त्या धरत नाहीत."

उपटायच्या राहिल्या होत्या त्या कडेच्या दोन ओळी, ज्यांना सखाहरीचे हात लागले नव्हते. मुलींनी त्या उपटल्या. प्रत्येक झाडाला मूठ मूठ शेंगा.

"ज्याने उकरलं त्याने सांगावं," बाई म्हणाल्या. "हा नियम मोडणाऱ्याला इथे राहता येत नाही."

सखाहरी मुलांकडे बघत होता. आता ही एकमेकांकडे बोटं दाखवतील, याची त्याला खात्री होती. पण एकाही मुलाने दुसऱ्याकडे पाहिलं नाही. जो तो आपल्याच हातांकडे बघत आठवत होता, आपल्याकडून तर झालं नाही? आणि त्याच्याकडे, ओरडणाऱ्या पाहुण्याकडे, तर कुणाचं लक्षसुद्धा नव्हतं.

"मी उकरलं," शेवंता म्हणाली. "मला राहवलं नाही, बाई. मी जाते घरी."

ती आपल्या पेटीकडे वळली. जाताना तिने अप्पांच्या नखांकडे एकदा पाहिलं आणि नजर खाली घातली. सखाहरीला श्रावणातला तो तांब्या आठवला. पोरीला तेव्हापासून माहीत होतं! जिच्यासाठी त्याने जगावर संशय घेतला, तिने डोळ्यांदेखत बघूनही त्याला चोर म्हटलं नव्हतं. आणि आता त्याच्यासाठी ती शाळा सोडायला निघाली होती. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पोर खोटं बोलतेय," तो म्हणाला. हे वाक्य तो आयुष्यभर ज्याच्या त्याच्याबद्दल बोलत आला होता. आज पहिल्यांदा ते त्याने कुणाला तरी वाचवायला वापरलं. "हात माझे आहेत, बाई. दोन पौर्णिमा मी उकरलं. हौसा, पोरी, मला माफ कर."

हौसाने ओंजळभर शेंगा त्याच्यापुढे धरल्या. "खावा की, शेटजी. दमला आसाल वरडून."

सगळी मुलं हसली. सखाहरीला आज त्या हसण्यात काही काळंबेरं दिसलं नाही.

बाईंनी दाखल्यांची वही आणवली. "शेवंताने आणि हौसाने आपापलं काम चोख केलं. टोपली भरली नाही, त्यात शेवंताचा दोष नाही. त्यांचे दाखले पक्के. शेटजी, तुमचा मात्र कच्चाच राहतो. पुढल्या हंगामाला तुम्ही एक वाफा पेरा. फुलं आली की तो कुणाकडे गेला, ते विचारायचं नाही."

सखाहरीने सही केली. या वेळी त्याने कागद उलटा केला नाही.

घरी जाताना तो आधी रावजीच्या दारात थांबला आणि जमीन पुन्हा त्याच्या हाती दिली. पुढच्या साली त्याने शाळेत वाफाही पेरला. श्रावणी पौर्णिमेला त्याचे हात फार शिवशिवले, तेव्हा ते काखेत घालून तो दिवसभर बांधावर बसून राहिला. काढणीच्या दिवशी कुणाची तरी टोपली भरली. कुणाची, ते त्याने विचारलं नाही.

तात्पर्य: विश्वासाचं पीक मातीआड धरतं. ते आहे की नाही, हे घडोघडी उकरून पाहणारा ते आपल्याच हातांनी मारतो आणि दोष मात्र पेरणाऱ्याला देतो.