राजाच्या पोटातला कापूस

एक होती शिंपीण. मशीनवाली नव्हे हं. हे होतं पाखरू, अंगठ्याएवढं. नाव तिचं टुवी. तिची चोच म्हणजे सुई. चोचीनं ती पानं शिवायची आणि पानाचं घर करायची.

टुवी राहायची नाटकघरामागच्या बदामाच्या झाडावर. तिनं एक मोठं पान दुमडलं. टुच टुच टुच, टाके घातले. झालं घर. आता आत मऊ गादी हवी. का बरं? टुवीच्या पोटात अंडं होतं. आज येतो, आज येतो म्हणत होतं.

टुवीनं कापूस आणला. चिमूट चिमूट आणला. नाटकघराच्या खिडकीत ठेवला आणि शेवटचा टाका घालायला गेली. परत येऊन बघते तर काय, कापूस गडप.

कोणी नेला? सांगते.

खिडकीच्या आत होता कपडेपट. नाटकातले सगळे कपडे राहतात ना, ती खोली. तिथं असायची कुमुदमावशी. लहानपणी तिनं बाहुलीला परकर शिवला. मोठेपणी नाटकातल्या वाघाला शेपटी शिवली, भुताला झगा शिवला. आता तर सिनेमावालेसुद्धा तिला बोलवायचे. सकाळी सिनेमातल्या राणीचा घागरा, संध्याकाळी नाटकातल्या राजाचा अंगरखा. नवा सदरा जुना दिसायला हवा? मावशी तो चहाच्या पाण्यात बुचकळायची. हुशार होती बाई.

पण हुशार माणसांचेही घोटाळे होतात. पेट्या भरताना राजाचं पोट गेलं सिनेमाच्या पेटीत.

पोट कसं जाईल म्हणता? अहो, खोटं पोट ते. राजा व्हायचे गजूकाका, आणि गजूकाका म्हणजे काडीपैलवान. पोट बांधलं तरच राजा दिसायचे. नाटक सुरू व्हायला आलं, आणि पोट नाही. मावशीनं पिशवी घेतली. चिंध्या कोंबल्या. पुरेनात. खिडकीत कापूस दिसला. तोही कोंबला, टाके घातले, काकांना पोट बांधलं. राजा निघाला ढुम ढुम ढुम.

टुवी आली. टुण टुण टुण, फुर्र. मावशीच्या खांद्यावर बसली.

"मावशी, मावशी, कापूस दे.
माझं अंडं निजेल कुठं?"

मावशीच्या तोंडात टाचण्या. ती टाचण्यांमधूनच बोलली, "राजा पोट काढेल, तर कापूस देईन."

राजा होता सिंहासनावर. टुण टुण टुण, फुर्र. टुवी मुकुटावर बसली.

"राजा, राजा, पोट काढ.
मावशी कापूस देईना,
माझं अंडं निजेल कुठं?"

राजा मिशीआडून कुजबुजला, "सगळ्यांसमोर? पडदा खाली येईल, तर पोट काढीन."

पडदा होता लाल, मखमली आणि महाआळशी. टुण टुण टुण, फुर्र.

"पडद्या, पडद्या, खाली ये.
राजा पोट काढीना,
मावशी कापूस देईना,
माझं अंडं निजेल कुठं?"

पडद्यानं जांभई दिली. "दोरी सैल होईल, तर खाली येईन."

दोरी खुंटीला घट्ट धरून बसलेली. टुण टुण टुण, फुर्र.

"दोरी, दोरी, सैल हो.
पडदा खाली येईना,
राजा पोट काढीना,
मावशी कापूस देईना,
माझं अंडं निजेल कुठं?"

दोरीनं नाक मुरडलं. "घंटा वाजेल, तर सैल होईन."

तेवढ्यात पोटातून अंडं म्हणालं, आई, येऊ का? टुवी म्हणाली, थांब रे बाळा, गादी नाही अजून. आणि निघाली. टुण टुण टुण, फुर्र.

"घंटे, घंटे, वाज की गं.
दोरी सैल होईना,
पडदा खाली येईना,
राजा पोट काढीना,
मावशी कापूस देईना,
माझं अंडं निजेल कुठं?"

घंटा म्हणाली, "टाळी पडेल, तर वाजेन."

टाळी कोण देणार? समोर मुलंच मुलं बसली होती. सगळ्यांचे हात मात्र मांडीवर. टुण टुण टुण, फुर्र.

"मुलांनो, मुलांनो, टाळी द्या.
घंटा काही वाजेना,
दोरी सैल होईना,
पडदा खाली येईना,
राजा पोट काढीना,
मावशी कापूस देईना,
माझं अंडं निजेल कुठं?"

मुलं म्हणाली, "रेवू हसेल, तर टाळी देऊ."

रेवू पहिल्या रांगेत होती. ती हसली की सगळं नाटकघर हसायचं. पण आज बाईसाहेब गाल फुगवून बसलेल्या. टुण टुण टुण, फुर्र.

"रेवू, रेवू, हस की गं.
टाळी कोणी देईना,
घंटा काही वाजेना,
दोरी सैल होईना,
पडदा खाली येईना,
राजा पोट काढीना,
मावशी कापूस देईना,
माझं अंडं निजेल कुठं?"

रेवू म्हणाली, "राजा नुसता बसलाय. राजा नाचेल, तर हसेन."

अंडं म्हणालं, आई, मी येतोच आता. टुवी घाबरली. थांब रे बाळा, थांब थोडं. पुन्हा राजाकडे. टुण टुण टुण, फुर्र.

"राजा, राजा, नाच की रे.
रेवू काही हसेना,
टाळी कोणी देईना,
घंटा काही वाजेना,
दोरी सैल होईना,
पडदा खाली येईना,
तू रे पोट काढीनास,
मावशी कापूस देईना,
माझं अंडं निजेल कुठं?"

राजा म्हणाला, "राजे लोक नाचत नसतात."

असं का? टुवीनं मान वाकडी केली. अंगरख्याच्या गळ्यातून सुळ्ळकन आत शिरली. आणि पिसांनी गुदुगुदु, गुदुगुदु, गुदुगुदु.

राजा म्हणाला, ही. राजा म्हणाला, ही ही. राजा सिंहासनावरून उठला आणि थुई थुई, थुई थुई नाचला. पोट गेलं डावीकडं. पोट गेलं उजवीकडं. पोट गेलं थेट पाठीवर.

राजा नाचला,
रेवू हसली,
टाळी पडली,
घंटा वाजली,
दोरी सैल झाली,
पडदा खाली आला,
राजानं पोट काढलं,
मावशीनं पोट उसवलं, टर्र टर्र टर्र.

मावशी कापूस घेऊन खिडकीतून वाकली आणि बघतच राहिली. पानाला टाके. बारीक, सारखे, एकाला लागून एक. असे टाके तर तिलाही जमले नव्हते.

"अगं, तू तर माझ्याच धंद्यातली," मावशी म्हणाली. "आधी सांगायचंस की."

"सांगत होतेच," टुवी म्हणाली. "तू ऐकशील, तर ना."

मावशी ओशाळली. तिनं आपल्या हातानं कापूस पसरला. वर राणीच्या घागऱ्यातली मऊ चिंधी दिली, पांघरायला.

तिकडं पडदा वर गेला. राजा आला तो काडीपैलवान. रेवूनं विचारलं, महाराज, पोट कुठं गेलं? राजानं जरा विचार केला.

"आज एकादशी आहे," राजा म्हणाला.

नाटकघर खो खो हसलं. इकडं पानाच्या घरात हळूच टुप. अंडं आलं. इवलंसं, ठिपक्याठिपक्यांचं. टुवीनं त्याला पंखाखाली घेतलं. अंडं निजलं कापसात, टुवी निजली अंड्यावर.

गाठ मारली, दोरा तोडला. गोष्ट आमची शिवून झाली.