पांढऱ्या हत्तीची जहागीर

"पंधरा दिवसांत पांढरा हत्ती हजर करा, नाहीतर ऊ टोकचं मुंडकं उडवा!" ब्रह्मदेशच्या झेयाथिन राजाने हुकूम सोडला.

ऊ टोक हा राजाचा हत्ती पकडणारा. उभ्या जन्मात त्याने काळेच हत्ती पाहिलेले! पण राजाचे प्रांत एकेक करून हातचे जात होते, आणि ज्योतिष्यांनी सांगितलं होतं, पांढरा हत्ती दारी आला की गेलेलं राज्य आपसूक परत येतं. लढाईपेक्षा हे बरं! ऊ टोकला ओलीस म्हणून कोठडीत डांबून, हत्ती आणायचं काम त्याच्या घरच्यांवर टाकून राजा निवांत पान चघळत बसला.

पंधराव्या दिवशी ऊ टोकची मुलगी मा न्वे दरबारात आली आणि गुडघे टेकून बसली.

"महाराज, हत्ती येईल. फक्त त्याच्या जहागिरीची सनद द्या."

"हत्तीला जहागीर?"

"रिवाजच आहे! अख्ख्या प्रांताचा महसूल नावे केल्याशिवाय पांढरा हत्ती राजधानीत पाऊल टाकत नाही. तुमच्या आजोबांच्या हत्तीला तर दोन प्रांत होते!"

"एवढंच ना? प्रधानजी, लिहा, दक्षिणेचा प्रांत!"

प्रधान खाकरला. "तिथला सुभेदार स्वतःच छत्र धरून बसलाय, महाराज."

"मग उत्तरेचा!"

"तो डोंगरातल्या सरदारांनी गिळला."

"पूर्वेचा?"

"तिकडून दोन वर्षांत चिटपाखरूही आलं नाही."

"अरे, मग उरलं काय?"

"हा राजवाडा, महाराज. आणि मागचा भाजीचा मळा."

"मळाही चालेल हो हत्तीला," मा न्वे म्हणाली, "पण मग महाराजांच्या पानात काय वाढायचं?"

दरबारी माना खाली घालून हसू दाबू लागले. राजा लालबुंद झाला.

"खरं सांग पोरी! पांढरा हत्ती आहे तरी का?"

"आहे की! तुमचं राज्य जिथं आहे, तिथंच तोही आहे. तुम्ही मला राज्य दाखवा, मी तुम्हाला हत्ती दाखवते!"

प्रधानाने भीतीने डोळे मिटून घेतले. पण राजा असा हसत सुटला, की तोंडातलं पान अंगरख्यावर सांडलं!

"सोडा हिच्या बापाला!" त्याने कानांतले सोन्याचे डूल काढून तिच्या ओंजळीत टाकले. "आणि त्या ज्योतिष्यांना आजपासून काळ्या हत्तींचं शेण काढायला लावा!"