मोरकंठी म्हणजे कोणता रंग?

कण्हेरगडच्या दरबारात गुंडोपंत नावाचे पंडित होते. आपली विद्वत्ता बेताचीच, पण हो ला हो करण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असं ते स्वतःच सांगत.

एकदा तबकात मांडलेल्या नव्या शालूवरून वाद पेटला. राजेसाहेब म्हणाले, "मोरकंठी म्हणजे निळा." पलीकडून राणीसाहेब म्हणाल्या, "छे, हिरवा!"

"पंत, तुम्ही अर्थ सांगा," राजेसाहेबांनी फर्मावलं, "चुकलात तर पगडी उतरवून घरी जा."

निळा म्हणावं तर राणीसाहेब रुसणार, हिरवा म्हणावं तर पगडी जाणार. गुंडोपंतांनी घाम पुसला.

"सरकार, मोरकंठी म्हणजे माझ्या मताचा रंग. आपल्या बाजूने निळा, राणीसाहेबांच्या बाजूने हिरवा."

दरबार खो खो हसला. राजेसाहेब मात्र कडाडले, "असले दुतोंडे आहात होय! तुमचा स्वतःचा रंग कोणता?"

पंतांनी शालूचा पदर उलगडून दाखवला. "सरकार, यात उभे धागे निळे आहेत, आडवे हिरवे. दोघांनी दोन बाजूंनी ताणून विणल्यावर, तुझा रंग कोणता, असं बिचाऱ्या कापडाला कोण विचारतं?"

राजेसाहेबांनी राणीसाहेबांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "राहू द्या ती पगडी."