बिरूच्या भिंतीची ओल

आज कुणाला सालही सांगता येणार नाही, इतक्या जुन्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. वरच्या तळ्याचं पाणी एका पाटाने गावात येई आणि घरांच्या मागून शेतांकडे जाई. घरं सगळी मातीची. माती आणि पाणी यांचं काही खरं नसतं, म्हणून गावातल्या जाणत्यांनी एक आधारघर बांधलं होतं.

सुगी झाली की प्रत्येक घराने तिथे आपला वाटा टाकायचा. कुणी वासे आणी, कुणी चुना, कुणी दगड. ज्याच्याकडे काहीच नसे तो अंगमेहनत करी. मग आगीने, वाऱ्याने किंवा पाण्याने कुणाचं घर पडलं, की आधारघराच्या जोरावर ते पुन्हा उभं राही. नियम दोनच होते. ज्याने आधार घेतला, त्याने पुढची काही वर्षं दुप्पट वाटा टाकायचा. आणि जे नुकसान घरमालकाच्या हयगयीने झालं, त्याची भरपाई मिळायची नाही.

या गावात बिरू नावाचा सणगर राहत होता. घोंगड्या विणणं हा त्याचा धंदा. मागच्या खोलीत जमिनीत खड्डा करून त्याने माग बसवला होता. खड्ड्यात पाय सोडून तो दिवसभर विणत बसे. त्याची बायको सुंद्रा लोकर काती, धाग्यांना लावायला चिंचोक्याची खळ शिजवी. दोघं कष्टाळू होती. आधारघराचा वाटा त्यांनी कधी चुकवला नव्हता आणि तिथून कधी काही मागितलंही नव्हतं.

ऐन हिवाळ्यात एका सकाळी बिरूच्या घरामागे पाटाचा काठ फुटला. पाणी धो धो करत मागच्या खोलीत शिरलं. मागाचा खड्डा काठोकाठ भरला. लोक धावत आले, त्यांनी दगडमाती टाकून काठ बांधला, तेव्हा कुठे पाणी ओसरलं.

आधारघराची जबाबदारी शिदूआबांवर होती. ते काठी टेकत आले आणि म्हणाले, "बिरू, नुकसान किती झालं रे? पंचांना बघायला पाठवू का?"

बिरूची नजर फुटलेल्या काठाकडे गेली. पावसाळ्यातच त्याने नेमक्या त्या जागी पाणी झिरपताना पाहिलं होतं. उंदरांनी काठ पोखरला होता. त्याने बिळात गवताचा बोळा कोंबला आणि तो पुन्हा मागावर जाऊन बसला. उद्या सांगू, परवा सांगू, असं म्हणता म्हणता दिवाळीही होऊन गेली होती.

"काही नाही आबा," तो म्हणाला, "जराशी ओल आली आहे. वाळेल."

आबा गेल्यावर सुंद्रा म्हणाली, "अहो, काही नाही कसं? भिंतीच्या बुडाशी हात लावून बघा. माती बोटांना चिकटून येते. आबांना सांगून टाका."

"पंच आले की बिळाचं निघेल. हयगय केली म्हणतील. भरपाई तर नाहीच, वर गावभर नाचक्की."

"आणि तसं नाही म्हणाले तर?"

"तर दुप्पट वाटा टाकत बसा. आणि उद्या खरंच छप्पर उडालं, तर कुठल्या तोंडाने पुन्हा मागायला जाऊ? एवढ्याशा ओलीपायी आधार वापरून टाकायचा का?"

"मग इतकी वर्षं आपण वाटा टाकला तो कशासाठी?" सुंद्राने विचारलं.

बिरू उठून मागच्या खोलीत गेला. त्याने खड्ड्यातलं पाणी उपसलं, खोलीत शेकोटी पेटवली आणि भिंतीवर पांढऱ्या मातीचा जाड हात फिरवला. भिंत नव्यासारखी दिसू लागली. येणाऱ्याजाणाऱ्याला तो ती मुद्दाम दाखवी.

पण त्या दिवसापासून त्याचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. विणताना त्याचे कान भिंतीकडे लागलेले असत. मातीचा एखादा खडा टपकन पडे आणि त्याच्या हातून धागा तुटे. पांढऱ्या मातीतून ओल पुन्हा वर आली, बोटभर चढली, मग वीतभर चढली. तो पुन्हा पोतेरं फिरवी. पाणवठ्यावर कुणी सहज विचारलं, "काय बिरू, भिंत वाळली का?" तर त्याला वाटे, याला बिळाचं कळलंय. ताटातली भाकरी तशीच राही. सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर भिंत जाते. बीळ झाकून बाकीचं सांगावं म्हटलं, तर पंचांच्या डोळ्यांना डोळा कसा देणार?

एकदा तो मनाचा हिय्या करून आधारघरापर्यंत गेला. आबा दारातच बसले होते. "ये बिरू, काय काम काढलंस?"

"काही नाही, इकडून चाललो होतो," असं म्हणून बिरू माघारी फिरला. वाटेत त्याला स्वतःचीच चीड आली. पण पाय काही परत वळले नाहीत.

बिरूची ती भिंत त्याच्या एकट्याची नव्हती. पलीकडे तानूमावशीचं घर होतं आणि भिंत दोघांत सामाईक होती. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला मुलगी झाली. सुंद्रा डिंकाचे लाडू घेऊन बघायला गेली आणि आल्या पावली परतली.

"बाळंतिणीची बाज कुठे टाकलीय ठाऊक आहे? आपल्या भिंतीला लावून. तिथे वारा लागत नाही म्हणून."

बिरू तसाच उठला आणि मावशीच्या घरात शिरला. बाजेवर लेक डोळे मिटून पडली होती. तिच्या कुशीत बाळ झोपलं होतं. त्यांच्या डोक्याशी भिंत फुगून तिला पोट आलं होतं.

मावशी म्हणाली, "भिंत जरा गार लागते बघ. पण वाळतेय असं तूच म्हणालास, म्हणून बाज इथेच टाकली."

बिरूने त्या फुगवट्याला हात लावून पाहिला. इतके दिवस ज्या भीतीने त्याला छळलं होतं, ती भीती त्या क्षणी फार लहान झाली.

"मावशी, आधी बाज बाहेर घ्या!"

"का रे बाबा?"

"भिंत वाळत नाहीये. मी खोटं बोललो."

मावशीने एकदाच त्याच्याकडे पाहिलं. मग तिने बाळ उचललं. सुंद्राने आणि बिरूने बाळंतिणीसकट बाज अंगणात आणली. बिरू तिथून थेट आबांकडे धावला आणि बिळापासून पोतेऱ्यापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

आबा माणसं आणि टेकू घेऊन निघाले. माणसं पहिला टेकू अंगणात उतरवत होती, तेवढ्यात भिंत बुडापासून खचली. अर्धी मावशीच्या खोलीत, बाजेच्या जागेवर पडली आणि अर्धी बिरूच्या मागावर. धुरळा बसला तेव्हा बाळ रडत होतं. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण बिरूचा माग, त्याच्या आजाने बसवलेला, मोडून पडला होता.

दिवस कलायच्या आत पंच तिथेच अंगणात बसले. आबा म्हणाले, "काठ गावाचा आहे. त्याच्यावरून आपण सगळेच रोज जातो, बीळ आपल्यालाही दिसायला हवं होतं. पण ज्याला दिसलं तो बोलला नाही, ही चूक बिरूची. पाणी शिरलं त्या दिवशी तो आला असता, तर बुडाशी दगड भरून भिंत वाचली असती. तेवढ्यापुरता आधार त्याला मिळेल. पुढचं जे पडलं ते पाण्याने नाही, लपवल्याने पडलं. मावशीची खोली आणि स्वतःचा माग, ते त्याचं त्याने उभं करावं."

बिरूने मान खाली घातली. "आणि दुप्पट वाटा, आबा?"

"तोही टाकायचा. त्याचीच लाज वाटत होती ना तुला?" आबा जमलेल्या लोकांकडे वळले. "ज्याच्या घराने कधीच दुप्पट वाटा टाकलेला नाही, त्याने हात वर करावा."

सुताराने जमिनीकडे पाहिलं, पाटलाने आभाळाकडे. हात कुणाचाच वर गेला नाही. दुप्पट वाट्याची गोष्ट कुणी कुणाजवळ बोलत नसे, एवढंच.

गावाने दगडाचा भक्कम पाया घालून दिला. मावशीची खोली बिरूने स्वतःच्या हातांनी बांधली. माग नव्हता, म्हणून तो उरलेला हिवाळाभर दुसऱ्यांच्या मेंढ्यांमागे हिंडला आणि सुंद्राने लोकांची लोकर कातून घर चालवलं. तानूमावशी पुढे कितीतरी दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोले. बिरूला त्याचं वाईट वाटे, पण भाकरी आता घशाखाली उतरे आणि झोपही लागे.

बोध : आधार मागायची लाज दोन घटकांची असते, पण लपवलेलं नुकसान रोज वाढतं आणि शेजाऱ्याच्या घरातही शिरतं.