आजीचा दुसरा गाल

माणसाला खिसा शिवायची अक्कल सुचली नव्हती, तेव्हापासून माकडं गालांत खाऊ साठवत आली आहेत. त्या काळी जांभळीच्या एका रानात ढमीआजी नावाची माकडीण टोळीची म्होरकी होती. म्हाताऱ्या, लंगड्या माकडांना झाडावर चढता येत नाही, याचं तिला फार वाईट वाटे. तिने कायदा केला, "जो दोन्ही गाल भरून येईल, त्याने एक अख्खा गाल इथे रिकामा करायचा!"

संध्याकाळी सगळी टोळी एकेकच गाल फुगवून, माना वाकड्या करून परतली. म्हातारे उपाशीच.

"सुळक्या, तू तर पार शेंड्यापर्यंत चढणारा!" आजी कडाडली.

"दुसरा गाल जाणारच, तर शेंड्यावर चढून हाडं कशाला मोडून घेऊ?"

आजी भडकली. "मग एका गालातलंही सगळं द्या!"

दुसऱ्या दिवशी सगळ्यांचे गाल सपाट, जिभा मात्र जांभळ्या, आणि जो तो पोट धरून कण्हतोय.

आजीने बराच वेळ डोकं खाजवलं. "बरं बाबांनो, पहिला गाल तुमचा. दुसऱ्यातलं फक्त मूठभर द्या."

सुळक्या सरसर शेंड्यावर गेला. त्या संध्याकाळी मूठ मूठ करता जांभळांचा ढीग लागला. म्हातारे पोटभर जेवले. स्वतःचं कौतुक सांगायला आजी खडकावर चढली, पण तिचेच दोन्ही गाल गच्च भरलेले. तोंडातून नुसतं "हुंब हुंब" निघालं.

लंगड्या गोंद्याने हात पुढे केला. "भाषण नंतर, आजी. आधी तुझी मूठ."