तीन पानी राजीनामा

एकदा एक तरुण गणितशिक्षक दूरदेशीच्या शाळेत नोकरीस लागला. शाळा गोऱ्या लोकांची. चाळीस शिक्षकांत सावळा हा एकटाच. शाळेला त्याचे मोठे कौतुक. माहितीपुस्तिकेच्या मुखपृष्ठावर त्याचेच छायाचित्र. मात्र तो फाटकाशी आला की पहारेकरी ओळखपत्र मागे, तेही रोज, आणि फक्त त्याच्याकडेच. पालकसभेला एका सद्गृहस्थांनी त्याला वर्गात गाठून विचारले, "हीटर गार पडलाय, जरा बघता का?" त्याने हीटर दुरुस्त केला आणि मग त्या गृहस्थांना त्यांच्याच मुलीचे गुण सांगितले. संस्कृतिदिनाला समोसे कोणी आणायचे, यावर सभेत एकमत होई. वरच्या वर्गाचे गणित कोणाला द्यायचे, हा प्रश्न आला तेव्हा मात्र मुख्याध्यापकांना त्याचे उच्चार जड वाटू लागले.

सुटीत तो मायदेशी आला, तो थेट आपल्या वृद्ध गुरुजींकडे. खिशात राजीनामा होता. गुरुजींनी तेवढे इंग्रजी तपासावे, इतकीच विनंती.

गुरुजींनी तीन पानी पत्र दोनदा वाचले, लाल पेनाने दोनच ओळी खोडल्या आणि चहा टाकायला ते आत निघून गेले.

शिष्य गोंधळला. खोडलेली पहिली ओळ होती, ‘विषय : राजीनामा’. दुसरी अगदी शेवटची, ‘मला सेवेतून मुक्त करावे’.

"गुरुजी, या दोन ओळींसाठीच तर पत्र लिहिलं! बाकी नुसत्या त्यांच्या चुका आहेत."

"तेरा आहेत. मोजल्या मी," कप घेऊन येत गुरुजी म्हणाले. "तुझी त्यात एकही नाही. अरे, तेरा चुका त्यांच्या आणि शाळा सोडणार तू? मांडणी बरोबर केलीस, उत्तर चुकलास. राजीनामा दिलास तर ते निरोपसमारंभ करतील, फुलं देतील आणि ही पानं कपाटात जातील. हीच पानं तक्रार म्हणून दे. मग त्यांना उत्तर लिहावं लागेल. फुलं मिळणार नाहीत, तेवढं सोसावं लागेल."

"आणि उत्तर नाहीच आलं तर?"

"स्मरणपत्र. मग दुसरं. हात दुखतो का तुझा? आणि सोडावंसं वाटेल तेव्हा खुशाल सोड. पण ते तू ठरव, त्या पहारेकऱ्याने नव्हे."

शिष्याने चहा संपवला आणि पत्र नव्याने लिहायला घेतले. विषय : वरच्या वर्गाचे गणित मला न दिल्याबद्दल तक्रार.

शाळा उघडली त्या सकाळी पहारेकऱ्याने सवयीने हात पुढे केला. शिक्षकाने ओळखपत्र दाखवले. पण तो आत गेला नाही. मागून इतिहासाचे गोरे शिक्षक येत होते.

"यांचंही बघा," तो शांतपणे म्हणाला. "मी थांबतो."

पहारेकरी घुटमळला. मग त्याने नाइलाजाने हात पुढे केला. इतिहासाच्या शिक्षकांना वीस वर्षांत ओळखपत्र कधी लागले नव्हते. ओळखपत्र घरीच पडून होते.

त्या दिवशी शाळेतला एकच तास उशिरा सुरू झाला. तो गणिताचा नव्हता.